पाचव्या व्यक्तीचं तापमान

१

शाळा बंद होऊन वीस दिवस झाले होते, पण बाईंच्या अंगातली शाळा काही सुटत नव्हती. सात वाजता त्या घरातल्या सगळ्यांना उठवत, साडेसातला चहा देत आणि आठच्या ठोक्याला थर्मामीटर काढत. जुना, पाऱ्याचा, काचेचा थर्मामीटर. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत एका पेल्यात उभा असे. बाई आधी स्वतःचं तापमान घेत, मग नवऱ्याचं, मग सासूबाईंचं आणि शेवटी चिमणीचं. दर वेळी थर्मामीटर पुसायचा, झटकून पारा खाली आणायचा आणि आकडा जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा. चार माणसं, चार आकडे. टाळेबंदीत दुसरं काही आपल्या हातात नव्हतं, निदान हे तरी होतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं काम करायचा. सगळी इमारत त्यांना चष्मेवाले म्हणे. दुकानाला कुलूप लागल्यापासून ते घरातल्या काचा पुसत बसत. आधी चष्मे, मग आरसे, मग खिडक्या. सासूबाईंना श्वासाचा जुना त्रास होता. त्या दिवसभर शाल पांघरून स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसत, कारण तिथे ऊन येई. चिमणी आठ वर्षांची होती आणि तिला गप्प बसता येत नव्हतं.

बाईंना सगळं गाव बाई म्हणायचं, पण घरात मात्र तसं म्हणायची कोणाची टाप नव्हती. चिमणीने एकदा खेळता खेळता "बाई, बाई" म्हणून हाक मारली तेव्हा बाईंनी तिचा कान धरला होता. "शाळेत बाई, घरात आई. पुन्हा ऐकायचं नाही मला."

आता त्यांची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. सहलीला निघाल्या की त्या बसमध्ये चढून आधी स्वतःच्या छातीवर बोट टेकवत आणि म्हणत, "मी एक." मग मुलांची डोकी मोजत. आणि सगळी डोकी संपली की पुन्हा सवयीने म्हणत, "आणि मी." एका वर्षी जाताना त्यांनी अशी मोजणी केली आणि परतताना सोबतच्या सरांनी केली. एक कमी भरला. सगळी बस एका बागेच्या फाटकाशी तासभर उभी राहिली आणि बाई रडकुंडीला येऊन झुडपं धुंडाळत राहिल्या. मजा म्हणजे मुलांनाही ती हरवलेली मुलगी आठवायला लागली. हिरव्या रिबिनीची होती. मागच्या सीटवर बसली होती. कोणाशी बोलत नव्हती, बाई. शेवटी हजेरीपट काढला तेव्हा कळलं की कोणी हरवलेलंच नाही. पुढे कित्येक वर्षं शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा चालली होती. "काय हो बाई, सापडली का हिरवी रिबीन?"

विसाव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला तेव्हा बाई दुसऱ्या फोनवर तिसरीचा वर्ग घेत होत्या. पंचवीस मुलं एकदम बोलत होती आणि त्यातल्या एकाच्या घरी कोणीतरी कपडे आपटत होतं.

"आरोग्य कार्यालयातून बोलतेय मॅडम," पलीकडून एक बायकी आवाज म्हणाला. "घरात माणसं किती?"

बाईंनी कपाटाच्या आरशात बघत छातीवर बोट टेकवलं. मी एक. चष्मेवाले खिडकीपाशी, दोन. सासूबाई तीन. चिमणी चार. आरशात पुन्हा स्वतःचा चेहरा दिसला.

"आणि मी. पाच," बाई म्हणाल्या. मग दुसऱ्या फोनवर ओरडल्या, "अरे, माइक बंद करा रे सगळ्यांनी!"

२

दुसऱ्या दिवशी अकरालाच फोन आला. तोच आवाज. घरात तिला लगेच फोनवाली हे नाव पडलं. तीही घरूनच काम करत असावी, कारण तिच्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

"पहिली व्यक्ती?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन," बाई हजेरीपटावरून वाचू लागल्या. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली.

"पाचवी?"

"पाचवी कोण? आम्ही चारच आहोत."

"काल तुम्ही पाच सांगितलंत मॅडम."

बाईंना आपली चूक तेव्हा कळली आणि त्यांना हसू आलं. त्यांनी फोनवालीला ती बसची गोष्टसुद्धा सांगितली. फोनवालीही हसली, पण तिच्या बोटांचा टकटक आवाज मध्येच थांबला.

"एक पंचाईत आहे हो," ती म्हणाली. "वाढवायचं बटण आहे माझ्याकडे. कमी करायची दोनच बटणं आहेत. एक 'दवाखान्यात', आणि दुसरं, ते नको बोलायला सकाळी सकाळी."

"म्हणजे मुळात माणूस नव्हताच, असं लिहायची सोय नाही?"

"नाहीये. साहेबांना विचारलं तर म्हणतील, पथक पाठवा. पथक आलं की घरातल्या सगळ्यांना तपासणीला नेतात. तुमच्याकडे म्हातारं माणूस आहे ना?"

बाईंनी स्टुलावरच्या शालीकडे बघितलं. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी चालत गाडीत चढले होते. अजून परत आले नव्हते, आणि त्यांच्या मुलाला ते कुठे आहेत हेही कोणी धड सांगत नव्हतं. सासूबाईंना तिथे नेलं तर काय होईल याचा विचार बाईंना करायचा नव्हता.

"तुम्ही असं करा," फोनवाली समजुतीच्या सुरात म्हणाली, "पाचव्याचा काहीतरी आकडा देत जा रोज. नॉर्मल. चौदा दिवसांनी नोंद आपोआप बंद होते. तुमचं बिघडतंय काय?"

खरंच, काय बिघडत होतं? मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणाऱ्या बाई खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

३

फोन सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी दारात सामानाची पिशवी आली. पाच पाव, पाच वाट्या होतील इतकी डाळ, दहा अंडी, साबणाच्या पाच वड्या. वर चिठ्ठी होती, 'व्यक्ती पाच'. चष्मेवाले खूश झाले. "अगं, तुझी ही चूक दर आठवड्याला कर," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी एक पाव उरला. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. कोणी खाल्ला असेल, त्यात काय. भूक लागते रिकामं बसलं की.

मग चहाचे पाच कप ओतले गेले. ओतले चष्मेवाल्यांनी. बाईंनी ट्रेकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "अगं, हात तसा वळला," आणि पाचवा कप त्यांनी परत आत नेला. जेवायला सासूबाईंनी पाच ताटं मांडली. बाईंनी एक उचलून ठेवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे की गं पोरी, लागेल," आणि कोणाला लागेल ते काही बोलल्या नाहीत.

चिमणी मात्र प्रत्येक वेळी आरडाओरडा करी. "आपण चार आहोत! आई, तुम्हा सगळ्यांना गणित येत नाही का? हे बघ. तू, बाबा, आजी आणि मी. चार!"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," बाई म्हणत. त्यांना त्या वेळी तिचा राग का येई, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाईंनी स्वतःची समजूत घातली. माणसाला सवय लागायला किती वेळ लागतो? पाचाचं सामान येतं, पाचाचा आकडा फोनवर द्यावा लागतो, म्हणून हातालाही पाचाचं वळण पडलंय. चौदा दिवस संपले की सुटेल.

सातव्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी पेल्यातला थर्मामीटर उचलला आणि झटकायला हात वर नेला. तो तसाच वर राहिला.

आदल्या दिवशी चिमणीचं तापमान घेतल्यावर त्यांनी पारा खाली उतरवला होता. रोजच उतरवत असत. डोळे मिटून केलं तरी चुकणार नाही असं ते काम होतं. पण आता पारा वर होता, नव्याण्णव पॉइंट दोनवर. पाऱ्याच्या थर्मामीटरचं हे असंच असतं, झटकेपर्यंत तो शेवटच्या माणसाचं अंग लक्षात ठेवतो.

बाईंनी झटकला. चौघांचं तापमान घेतलं. सगळी अठ्ठ्याण्णवच्या आसपास होती. अकराला फोनवालीने "पाचवी?" विचारलं तेव्हा त्यांनी रोजचा खोटा आकडा दिला.

४

दुसऱ्या दिवशी पारा नव्याण्णव पॉइंट आठवर होता. नवव्या दिवशी शंभराच्या किंचित वर.

आता भीतीला निदान एक आकार आला. घरातलं कोणीतरी तापाने फणफणतंय आणि लपवतंय. बाई उठायच्या आधी चोरून थर्मामीटर लावतंय, आणि आठ वाजता काहीतरी युक्ती करतंय. हे पटण्यासारखं होतं. घड्याळवाल्या आजोबांना नेताना सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं होतं, मग कोण कबूल होईल?

त्यांनी आधी चष्मेवाल्यांना गाठलं. "अहो, खरं सांगा, कणकण वाटतेय का?"

"मला? नाही गं."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ. माझ्या कपाळाला हात लाव." कपाळ थंड होतं.

सासूबाईंनी तर उलटाच प्रश्न केला. "मला ताप असता तर तुला माझ्या श्वासावरून कळलं नसतं का?" तेही खरं होतं. चिमणीला विचारायला बाईंना धीर झाला नाही. त्यांनी नुसता तिच्या मानेखाली हात घातला. मान गार होती आणि तिला गुदगुल्या झाल्या.

त्या दुपारी भांडी आवरताना बाईंना मागच्या खोलीत खाट करकरल्याचा आवाज आला. मागची खोली म्हणजे नावाला खोली. जुन्या वह्यांचे गठ्ठे, चष्म्यांची रिकामी खोकी आणि भिंतीला टेकवलेली घडीची खाट. चष्मेवाले पुढच्या खोलीत पेंगत होते, सासूबाई उन्हात होत्या, चिमणी बाईंच्या पायाशी बसून पाढे लिहीत होती. खाट पुन्हा करकरली. झोपेत कूस बदलावी तशी.

"आई, ते काय वाजलं?" चिमणीने विचारलं.

"पाइप," बाई म्हणाल्या.

त्यांनी जाऊन दार ढकललं. खाट उघडून मांडलेली होती. तिच्यावर जुनी चादर होती आणि चादर मध्ये दबलेली होती. उशाशी पेल्यात अर्धं पाणी होतं. खोलीत बंद खोलीचा असतो तो वास होताच, पण त्याखाली आणखी एक वास होता. दिवसभर वर्गात बसलेल्या मुलांच्या केसांना येतो तसा.

चष्मेवाले म्हणाले, खाट मीच झटकायला काढली होती. कधी, ते त्यांना आठवेना. पाण्याचं सासूबाई म्हणाल्या, "मी ठेवलं. तहान लागते तापात." त्या एवढं सहज बोलल्या की बाई बघतच राहिल्या. मग सासूबाईही गोंधळल्या. शालीचं टोक चाचपत म्हणाल्या, "कोणाच्या गं तापात?"

बाईंना त्या क्षणी घरातून पळून जावंसं वाटलं. पण जायचं कुठे? रस्त्याच्या तोंडाला आडवी लाकडं लावली होती, आणि तिथे बसलेला शिपाई दूध आणायलासुद्धा एकेकालाच सोडत होता.

५

बाराव्या दिवशी पारा एकशे दोनच्या पुढे होता. तेराव्या दिवशी एकशे तीन.

चौदावा दिवस उद्यावर आला होता. उद्या नोंद बंद होणार होती. एक दिवस कळ काढली असती तर? हा विचार बाईंनी पुढे किती वेळा केला असेल त्याला गणती नाही. पण त्या सकाळी त्यांना वेगळीच भीती होती. चौदा दिवस संपले, नोंद बंद झाली, फोन यायचा थांबला आणि हे असंच घरात राहिलं तर? मग कोणाला सांगणार? आज निदान एक माणूस रोज फोन करून त्याचं विचारत होतं. कमी करायचं ते पहिलं बटण होतंच, 'दवाखान्यात'. ते एकदा दाबलं की पाचवी व्यक्ती घरातून गेली. गाडी येईल, त्यांना कोणी सापडणार नाही, ते परत जातील. कागदावर तरी चार उरतील, आणि कागदावर चार झाले की घरातही चारच होतील. ज्या वाटेने ते आलं त्याच वाटेने ते जायला नको का?

"पाचवी?" फोनवालीने विचारलं.

"एकशे तीन," बाई म्हणाल्या.

टकटक थांबली. मागचा भांड्यांचा आवाजही थांबला.

"मॅडम, हा आकडा टाकला की गाडी निघते. मग मला परत घेता येत नाही."

"टाका."

"आजारी व्यक्ती कुठे आहे?"

"मागच्या खोलीत," बाई म्हणाल्या, आणि आपण हे खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही.

फोनवालीने सूचना वाचून दाखवल्या. आजारी व्यक्ती एकटी वेगळ्या खोलीत हवी. बाकी सगळ्यांनी एका खोलीत दार लावून बसायचं. फवारणी होईल, तेव्हा दिवे बंद, खिडक्या बंद. कर्मचारी दार वाजवून जातील, त्याआधी बाहेर यायचं नाही.

चिमणी बाजूलाच उभी होती. तिने सगळं ऐकलं. "आई, तिथे कोणीच नाहीये," ती म्हणाली. "आपण चार आहोत. मी दाखवू का तुला?"

"चिमणे, आज नको गं. हात जोडते."

"पण खोटं सांगितलंस तू. मी त्यांना सांगणार."

"स्वयंपाकघरात चल म्हटलं ना!" बाई ओरडल्या. तेवढ्यात गाडीचा आवाज आला, आणि सासूबाईंना त्या आवाजानेच धाप लागली.

६

स्वयंपाकघराचं दार लावलं. दिवा बंद केला, खिडकीला चादर लावली. भर दिवसा आत अंधारून आलं. बाहेर पुढचं दार उघडलं, जड बुटांचे आवाज आले आणि फवारणीचं यंत्र सुरू झालं. त्या भर्रर्र आवाजात बाकी काही ऐकू येईना. दाराखालून औषधाचा उग्र वास आत शिरला आणि सासूबाईंचा श्वास अडकला.

बाई गुडघ्यांवर बसल्या. एका हाताने त्यांनी सासूबाईंची पाठ धरली, दुसऱ्या हाताने श्वासाचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. "आई, हळू. आत घ्या. सोडा. पुन्हा." चष्मेवाले ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबत होते. सासूबाईंच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि त्या क्षणी बाईंना जगात त्या आवाजाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मधे कधीतरी यंत्र क्षणभर थांबलं. मागच्या खोलीचं दार वाजलं. चपलांचा चटचट आवाज, लहान पावलांचा, घाईघाईचा. कोणीतरी काहीतरी बोललं, पण यंत्र पुन्हा सुरू झालं. म्हणजे होतं तर. होतं, आणि त्यांना ते सापडलं. आता ते जातंय.

त्यांनी अंधारात घाईने माणसं मोजली. छातीवर बोट टेकवलं. मी एक. दाराशी चष्मेवाले, दोन. सासूबाई, तीन. आणि मी. चार.

चार. सगळी इथेच आहेत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, सुटकेचं. "झालं हं आई," त्या पुटपुटल्या. "गेलं ते. आपण सगळे आहोत."

दारावर थाप पडली. गाडी सुरू झाली आणि दूर गेली. चष्मेवाल्यांनी चादर काढली, खिडकी उघडली. सासूबाईंचा श्वास जागेवर येत होता. चष्मेवाल्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि साध्या आवाजात विचारलं, "चिमणी कुठाय?"

"आहे की. मी मोजलं ना," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी पुन्हा मोजलं. या वेळी बोटाने, सावकाश, एकेकाच्या अंगाला हात लावून.

७

मागच्या खोलीत खाट रिकामी होती. दारात चिमणीची एक चप्पल पडली होती. दुसरी जिन्याच्या वळणावर सापडली. तिथून पुढे रस्ता थेट कोपऱ्यापर्यंत मोकळा दिसत होता, ओला आणि औषधाच्या वासाचा. चष्मेवाले अनवाणी त्या आडव्या लाकडांपर्यंत धावत गेले. शिपायाने त्यांना काठी आडवी घालून परत लावलं. अशी रोज दहा घरची माणसं धावत येतात, तो म्हणाला, कोणाकोणाला सोडू?

बाईंनी कार्यालयाचा नंबर बत्तीस वेळा लावला. लागेना. अकराच्या आधी काही लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला तेव्हा तो त्यांच्या हातातच होता.

"माझी मुलगी नेली हो तुम्ही! आठ वर्षांची आहे. ताप नाहीये तिला. ती त्यांना सांगायला गेली होती. चूक झाली, माझी चूक झाली, तिला परत पाठवा!"

"शांत व्हा मॅडम. बघते." टकटक. "तुमच्याकडची पाचवी व्यक्ती दवाखान्यात दाखल आहे. एकशे तीन ताप. तुम्हीच सांगितलंत."

"ती पाचवी नाही! ती चौथी आहे! रोज चौथा आकडा देत होते तो तिचा!"

"चौथी व्यक्ती घरी आहे ना पण."

"नाही! घरी आम्ही तीनच आहोत."

फोनवालीचा आवाज रडवेला झाला होता, आणि त्यानेच बाईंचा धीर सुटला. "मॅडम, माझं ऐका. दाखल झालेल्याचा क्रमांक बदलायचं बटण नाही माझ्याकडे. आणि चौथी घरी नाही, दवाखान्यातही नाही, तर मग मला दुसरं बटण दाबावं लागतं. चौथीसमोर. ते एकदा दाबलं की तिला कोणी शोधणारच नाही. काल गाडी गेल्यावर विचारलं असतं तुम्हाला, घरात किती उरले, तर काय म्हणाला असता?"

"चार," बाई म्हणाल्या. त्या खरंच तसं म्हणाल्या असत्या.

"मग चौथीचं तापमान द्या. रोज द्या. तोवर मी बघते काही होतंय का. नाहीतर सांगा, दाबू का बटण?"

"नको!" बाई किंचाळल्या. "दाबू नका. थांबा. देते. थांबा जरा."

त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं. सासूबाई नेहमीच्या बुटक्या स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. शाल त्यांच्या गुडघ्यांवरून खाली जमिनीपर्यंत आली होती आणि त्यांच्या पायाशी तिच्याखाली उंचवटा होता. लहान मूल गुडघ्यांत मान घालून बसतं तेवढा. सासूबाईंचा हात त्या उंचवट्यावरून सवयीने फिरत होता.

बाईंना वाटलं, चिमणी. एक क्षण त्यांना खरोखर तसं वाटलं, आणि आयुष्यात तेवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"आई," त्यांनी सासूबाईंना हळूच हाक मारली. "कोण आहे?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. शाल किंचित हलली. तिच्या काठाखाली हिरवं काहीतरी दिसलं, रिबिनीच्या टोकाएवढं, आणि पुन्हा आत गेलं.

"बाई," शालीखालून आवाज आला. अगदी नम्र, मागच्या बाकावरचा. "मी हजर आहे, बाई."

पेल्यात थर्मामीटर उभा होता. बाईंनी तो उचलला. उन्हात धरून आकडा वाचला. ताप उतरला होता.

"मॅडम?" कानाशी फोनवाली विचारत होती. "ऐकताय ना? चौथी?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," बाई म्हणाल्या, आणि थर्मामीटर झटकून त्यांनी तो परत पेल्यात ठेवला.